जांभळा थर गेला कुठे?

प्रश्न : मी बारावी सायन्सला आहे. आयोडाइडची लेयर टेस्ट (क्लोरीन वॉटर घालून क्लोरोफॉर्मच्या थराच्या रंगावरून आयोडाइड ओळखायची चाचणी) करताना खालचा क्लोरोफॉर्मचा थर आधी मस्त जांभळा झाला, मग अजून गडद यावा म्हणून मी क्लोरीन वॉटर ओतत गेले तर रंगच उडाला! पार्टनर म्हणते ट्यूब घाण होती. खरं काय?

उत्तर : ट्यूबला कशाला बोल लावता, हात सैल सुटला एवढंच. क्लोरीन आयोडाइडकडून इलेक्ट्रॉन हिसकावून घेतं, स्वतः क्लोराइड होतं आणि आयोडीन मोकळं पडतं. पाण्यात हे आयोडीन उरलेल्या आयोडाइडशी जुळतं म्हणून वरचं पाणी तपकिरी दिसतं, क्लोरोफॉर्ममध्ये मात्र ते सुटंच राहतं आणि जांभळं दिसतं. इथवर तुझं बरोबर होतं. पण क्लोरीन तिथेच थांबत नाही ना, ते चालूच राहिलं तर आयोडीनच्या एका रेणूमागे क्लोरीनचे पाच रेणू खर्ची पडतात आणि आयोडेट तयार होतं, त्याला रंगच नसतो. झालं, थराचा रंगच गायब.

खरी मजा ब्रोमाइड आणि आयोडाइड एकत्र असले की येते, आणि परीक्षेतही इथेच पोरं फसतात. क्लोरीनचं पोटेन्शियल (म्हणजे इलेक्ट्रॉन ओढायची ताकद) 1.36 व्होल्ट, ब्रोमीनचं साधारण 1.07, आयोडीनचं 0.54, म्हणजे आयोडाइडचा इलेक्ट्रॉन सगळ्यात सहज सुटतो, त्यामुळे आधी नंबर आयोडाइडचा लागतो. थर जांभळा होतो, ढवळत ढवळत थेंब थेंब टाकत राहिलं की जांभळा जातो आणि मगच त्याच थरात ब्रोमीनचा नारिंगी दिसतो. जांभळा दिसला की हात आखडला तर ब्रोमाइड निसटलं, आणि भसकन ओतलं तर आयोडाइड कधी येऊन गेलं कळणारही नाही. नारिंगीही फार ताणू नको, जादा क्लोरीनने तो फिका पिवळा पडतो.

आणि हो, सोडियम कार्बोनेट एक्स्ट्रॅक्ट (क्षार सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात उकळून गाळलेलं अल्कलीयुक्त द्रावण) घेत असशील तर आधी डायल्यूट अ‍ॅसिड घालून बुडबुडे थांबेपर्यंत थांब, नाहीतर अल्कलीत आयोडीन टिकतच नाही. क्लोरीन वॉटर पण ताजंच घे, उजेडात राहिलेल्या बाटलीत नुसतं अ‍ॅसिडच उरतं.

पार्टनरला पटत नसेल तर रंग उडालेल्या त्याच ट्यूबमध्ये पोटॅशियम आयोडाइड चिमूटभर जास्तच टाकून हलव. जांभळा परत आला की भांडण मिटलं.