आईला डिमेन्शियासाठी (स्मृतिभ्रंशासाठी) गोळ्या सुरू केल्यापासून ती दिवसभर झोपून राहते, पाय ओढत चालते. गोळ्या बंद करू का?

दादा, गोळ्या आपल्या मनानं एकदम बंद करू नका, पण पुढच्या तारखेपर्यंत थांबूही नका. उद्याच डॉक्टरांना गाठा. तुम्ही लिहिलंय की आई रात्री ओरडायची, फाटक उघडून बाहेर निघायची, म्हणून गोळ्या दिल्या. आणि तीन आठवड्यांत तिची लाळ गळायला लागली, घास तोंडात तसाच राहतो. शेवटी लिहिलंय, "सगळे म्हणतात, आजार वाढला." त्या एका वाक्यासाठी मी हे उत्तर लिहायला बसले. आमच्या घरीही सगळे हेच म्हणाले होते. मीही म्हणाले होते.

मी डॉक्टर नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात सासऱ्यांना, म्हणजे आमच्या मामाजींना, मी सहा वर्षं सांभाळलं. मामाजी पहाटे तीनला उठायचे. "बैल सोडाचे हायेत, वावरात जा लागते." बैल विकून आठ वर्षं झाली होती. अडवलं की काठी उगारायचे. डॉक्टरांनी हॅलोपेरिडॉल, सोबत ट्रायहेक्सिफेनिडिल आणि झोपेसाठी लोराझेपाम लिहून दिली. चार रात्री सगळं घर गाढ झोपलं. मला तर देव पावल्यासारखं वाटलं.

मग हळूहळू मामाजी लाकडासारखे ताठ होत गेले. चेहऱ्यावर काही उमटेना. पाऊल उचलत नव्हतं, घासत होतं. भाकरीचा तुकडा मोडायला बोटं वळेनात, चहा पिताना ठसका लागायचा, न्हाणीत दोनदा पडले. आणि संध्याकाळी नुसतं उठ-बस, उठ-बस, एका जागी चैन नाही. आम्हाला वाटलं, चाळा वाढला. मी स्वतः जाऊन डोस वाढवून आणला. ती उठ-बस गोळीमुळेच होत होती, हे मला नंतर कळलं. ती गोष्ट अजून मनात सलते.

दुसऱ्या डॉक्टरांनी त्यांचा हात कोपरातून वाकवून पाहिला. हात सरळ वाकेना, दातेरी चाकासारखा अडकत अडकत वाकत होता. ते म्हणाले, अल्झायमर, म्हणजे डिमेन्शियाचा नेहमी दिसणारा प्रकार, महिन्यांनी, वर्षांनी सरकतो. माणूस दोन आठवड्यांत एवढा बदलला तर आधी गोळ्यांचा डबा बघायचा, मग पोटाचं, लघवीचं, तापाचं बघायचं. आजाराच्या नावावर सगळ्यात शेवटी टाकायचं.

त्यांनीच समजावलं की हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन, ओलान्झापिन या गोळ्या मेंदूतल्या डोपामिनचं, म्हणजे हालचाल सांभाळणाऱ्या रसायनाचं, काम अडवतात, म्हणून अंग आखडतं. ते आखडणं कमी व्हावं म्हणून ट्रायहेक्सिफेनिडिल देतात. पण ती ॲसिटिलकोलिनचं, म्हणजे आठवणीसाठी लागणाऱ्या रसायनाचं, काम अडवते, आणि अल्झायमरमध्ये नेमकं तेच कमी पडलेलं असतं. डोनेपेझिल ते वाढवायलाच देतात. दोन्ही सोबत चालू असतील, तर एका हातानं हौद भरायचा आणि दुसऱ्या हातानं तोटी उघडी ठेवायची, असं होतं. शिवाय ट्रायहेक्सिफेनिडिलनं शौचाला कडक होतं, लघवी तुंबते, घाम कमी येतो. आपल्याकडे मे महिन्यात 45 अंश ऊन असताना घाम न येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचं काय होतं, ते वेगळं सांगायला नको. लोराझेपामनं तोल जातो आणि गोंधळ वाढतो. तीच गोळी एकदम तोडली तर झटके येऊ शकतात, म्हणून मी सुरुवातीलाच थांबवलं तुम्हाला.

आणखी एक गोष्ट आम्हाला कोणी सांगितली नव्हती. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनं 2005 साली रिस्पेरिडोनच्या गटातल्या गोळ्यांवर सगळ्यात कडक इशारा लावला. डिमेन्शियाच्या वृद्धांवरच्या 17 चाचण्या पाहिल्या होत्या. साधारण 10 आठवड्यांच्या चाचणीत या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये मृत्यू 4.5 टक्के होते, औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांमध्ये 2.6 टक्के. बरेचसे हृदयाचे नाहीतर न्यूमोनियासारखे. 2008 मध्ये तोच इशारा हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या गोळ्यांनाही लागला. याचा अर्थ गोळी कधीच द्यायची नाही असा नाही. माणूस भीतीनं थरथरतोय, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करतोय, तेव्हा ती लागते. पण अगदी लहान डोस, आणि कधी कमी करायची ते आधीच ठरलेलं. चार आठवड्यांत गुण नसेल तर कमी करत बंद. गुण आला तरी चार महिन्यांच्या आत कमी करून पाहायची. डॉक्टरांना हे विचारायला संकोच करू नका.

मामाजींच्या गोळ्या उतरवायला काही आठवडे लागले. आणि पहाटेच्या तीनचं कारण? अंथरूण ओलं होतं म्हणून आम्हीच त्यांचं पाणी तोडलं होतं. पाच-पाच दिवस पोट साफ नाही, लघवीत इन्फेक्शन. सांगता येत नव्हतं, म्हणून उठत होते. ते बरं झाल्यावर अर्ध्या रात्री शांत गेल्या. उरलेल्या रात्री मी ओसरीतला दिवा लावायची, चहा द्यायची आणि हातात अंबाडी द्यायची. बैलांसाठी दावं वळत बसायचे. फार वळून नाही व्हायचं, पण काठी परत उगारली नाही.

जाताना सगळ्या पट्ट्या न्या, मेडिकलमधून परस्पर आणलेल्यासुद्धा. चिठ्ठीवर लिहा: कोणती गोळी कधी सुरू झाली, आई किती तास झोपते, शौच-लघवी, किती वेळा पडली, जेवताना ठसका लागतो का. जाणं जमत नसेल तर 14416 या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य सेवेच्या, फुकट नंबरवर मराठीत बोलता येतं. मात्र अंग ताठ होऊन जोराचा ताप आला, हाक मारून जागी होईना, किंवा एक बाजू लुळी पडली, तर 108 ला फोन करा, रात्र असली तरी.

आणि एक मला सांगा. गोळ्या सुरू व्हायच्या आधी आईला नसलेली लेकरं, माणसं, जनावरं दिसायची का? एक दिवस एकदम चांगली आणि दुसऱ्या दिवशी हरवलेली, असं व्हायचं का? तसं असेल तर तो लेवी बॉडी डिमेन्शिया असू शकतो. त्यात हॅलोपेरिडॉलसारख्या गोळ्यांची थोडी मात्राही जिवावर बेतू शकते. डॉक्टरांसमोर बसल्याबरोबर हेच पहिलं सांगा.