खाल्ल्या मिठाचा योद्धा

प्रिय मित्रा,

तुझ्या रोल-प्लेइंग खेळाच्या (टेबलाभोवती बसून, फासे टाकत पात्रं खेळायची तो) नियमांची फाइल काल रात्री एका बैठकीत वाचून काढली. ११ पानं, त्यातली ७ मंत्रांच्या याद्या. पुरोहिताचे १८ मंत्र, धर्मयोद्ध्याचे १२, आणि त्यातले ९ दोघांकडेही तेच. याद्या जमल्या आहेत, आकडेही फारसे चुकलेले नाहीत. पण हे दोघं कुणाला मानतात, कशाला घाबरतात, असं मला कुणी विचारलं असतं तर उत्तर देता आलं नसतं. देव काढून तिथे बॅटरी बसवली तरी तुझा एकही नियम बदलत नाही. तक्रार एवढीच, बाकीचं पत्र हा तिचाच पसारा आहे.

तुझा पुरोहित म्हणजे मूळचा क्लेरिक. हा क्लास, म्हणजे पात्राचा प्रकार, मुळात कसा जन्मला ते तुला ठाऊक असेल, तरी सांगतो. डेव्ह आर्नेसनच्या ब्लॅकमूर या सुरुवातीच्या खेळात एका खेळाडूचं पात्र व्हँपायर झालं. नाव सर फँग. तो इतका डोईजड झाला की त्याला आवरायला दुसऱ्या एकाला धर्मगुरू करावं लागलं. म्हणजे हा क्लास एका विशिष्ट भुताशी असलेल्या वैरातून आला. १९७४ च्या पहिल्या डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये तर पहिल्या लेव्हलच्या क्लेरिकला एकही मंत्र नव्हता. चिलखत, गदा आणि श्रद्धा, एवढ्यावर बिचारा गुहेत शिरायचा. (गदा का, तर धर्मगुरूनं रक्त सांडू नये. गदेनं डोकं फुटल्यावर काय सांडतं हे कुणी विचारलं नसावं. तूही तो नियम तसाच उचललायस. काढून टाक.)

त्याचा पुढे कंपाउंडर झाला. माझ्या टेबलावर एक मुलगी वर्षभर क्लेरिक खेळली. टर्न आली की मोबाइलमधून मान वर काढायची, "कोणाला किती लागलंय?" विचारायची, फासा टाकायची, पुन्हा मान खाली. दोष तिचा नव्हता. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचं २०१४ चं गणित बघ. 'हीलिंग वर्ड' हा उपचाराचा मंत्र म्हणजे चार बाजूंचा एक फासा, अधिक पात्राच्या शहाणपणाचा बोनस, धर ३; सरासरी साडेपाच. ओगर या राक्षसाचा एक फटका सरासरी १३ चा. मग जखमेवर फुंकर घालून उपयोग काय? सोबत्याचे प्राणांक शून्यावर येऊन तो कोसळेपर्यंत थांबायचं आणि मग उठवायचं, हेच शहाणपणाचं ठरतं. मित्र आडवा व्हायची वाट बघणारा पुरोहित! २०२४ मध्ये त्यांनी एकाचे दोन फासे केले, तरी गणित काही फिरलं नाही. तू आकडा वाढवत बसू नकोस. उपचार सगळ्यांत थोडे थोडे वाटून टाक आणि पुरोहिताच्या टर्नला असं काही ठेव की तो मोबाइल बाजूला ठेवेल.

'डंजन क्रॉल क्लासिक्स' या दुसऱ्या खेळात प्रार्थनेसाठीही फासा पडतो, आणि प्रार्थना फसत गेली की देवाच्या नाराजीची शक्यता त्या दिवसापुरती चढत जाते. तिथे टेबलावर सगळे त्या एका फाशाकडे बघत असतात. आपल्याकडे याहून जवळचा शब्द आहे: नवस. मागणं आधी, फेडणं मागाहून. तुझ्या पुरोहिताला मोजून मंत्र देण्याऐवजी नवस बोलू दे. आज हवं ते मिळेल, पण फेडायचं काय ते तिथल्या तिथे ठरेल, आणि जुना नवस फिटेपर्यंत पुढचा महाग पडेल. चार सेशननंतर त्याच्या डोक्यावर तीन नवस थकलेले असले की गोष्ट तुला रचावी लागणार नाही.

आता धर्मयोद्धा. इथे मी स्वतः हात पोळून घेतलेत. त्याचा मूळपुरुष पॅलाडिन आला डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या १९७५ च्या ग्रेहॉक पुरवणीत. पात्राच्या करिष्म्याचा आकडा किमान १७ नसेल तर होताच यायचं नाही. १९७८ च्या नियमात जाणूनबुजून एक दुष्ट कृत्य केलं की पद कायमचं गेलं. हा नियम वाचून माझ्यासारख्या विशीतल्या डीएमच्या, म्हणजे खेळ चालवणाऱ्याच्या, हाताला खाज सुटते. मी एका मित्राच्या पॅलाडिनपुढे गॉब्लिनांची तीन पोरं ठेवली. मारली तर पाप, सोडली तर पुढे गाव जळणार, आणि त्याचंही पाप त्याच्याच माथी. स्वतःच्या हुशारीवर मी खूश होतो. त्यानं कॅरेक्टर शीटच्या चार घड्या केल्या, खिशात टाकली, चहाचे पैसे बशीखाली ठेवले आणि गेला. पुन्हा कधी खेळायला आला नाही.

खऱ्या धर्मयोद्ध्यांचं असं नव्हतं. टेम्पलरांना, म्हणजे क्रूसेडच्या काळातल्या साधू-योद्ध्यांना, ११२९ मध्ये त्र्वाच्या धर्मसभेत नियम मिळाले. पुढे ते नियम वाढत गेले आणि त्यांत शिक्षांच्या पायऱ्या आल्या. निशाण उभं असताना रण सोडून पळालास तर संघातून कायमचा बाहेर. त्याखालच्या गुन्ह्याला अंगावरचा झगा वर्ष आणि एक दिवस काढून घेत, आणि तेवढे दिवस जमिनीवर बसून जेवायचं. (आपल्याकडे ही शिक्षा वाटणार नाही, ते सोड.) झगा गेलेला योद्धा खेळायला किती मजेचा आहे बघ! लढता येतं, पण मान नाही. सगळ्यांना दिसतंय, तरी विचारत कुणी नाही. तुझ्या खेळात मात्र शपथ मोडली की 'सर्व शक्ती नष्ट', एका ओळीत. तिथे पायऱ्या आण.

आणि धर्मयोद्धा म्हणजे आपल्याच बाजूचा, हेही गृहीत धरू नकोस. पानिपतावर १७६१ मध्ये अनुपगिरी गोसाव्याची शैव फौज अवधच्या नवाब शुजाउद्दौल्याबरोबर, म्हणजे अब्दालीच्या बाजूला उभी होती. हाच अनुपगिरी पुढे महादजी शिंद्यांच्या चाकरीत दिसतो. देव एकच, धनी वेगळे. तुझ्या फाइलमध्ये देव आणि धनी यांच्यात कधी खटकाच उडत नाही, कारण धनी नाहीच.

खरं तर आहे. पान ९, तळटीप. मिठागरांच्या किनाऱ्यावरची देवी, आणि "तिचे योद्धे ज्याचं मीठ खातात त्याच्यावर शस्त्र उचलत नाहीत." ही ओळ तू कोपऱ्यात का पुरलीस? तिच्यावर अख्खा क्लास उभा राहतो. शत्रूच्या घरी पाणी चालेल, जेवण चालणार नाही. सोबत्यांनी नकळत वाढलेलं चालेल का? आजारी असताना कुणी पेज भरवली, त्यात चिमूटभर होतं, तर? प्रत्येक ताट हा निर्णय होतो, आणि खेळाडूला आधीच माहीत असतं की तो कशाला हात घालतोय. माझ्या गॉब्लिनांत नेमकं हेच नव्हतं.

रविवारी चारला ये. मंत्रांच्या याद्या घरीच ठेव. योद्धा तू घे, ज्या जहागीरदाराला मारायला तो निघालाय तो मी होतो. पहिलाच सीन पंगतीचा ठेवतो. पानं मांडलेली असतील.

तुझा,
दादा