पंचेचाळिशी उलटली, आता व्यायाम सुरू करावा का?

प्रश्न: वय ४६, दिवसभर खुर्चीतलं काम. बीपी बॉर्डरवर आलंय म्हणून डॉक्टर म्हणाले व्यायाम करा. मागे एकदा उत्साहात डायरेक्ट रनिंगच चालू केलेलं, तिसऱ्या आठवड्यात गुडघा दुखायला लागला नि सगळं बंद पडलं. घरचे म्हणतात रोज दहा हजार पावलं चाललीस की झालं. खरंच तेवढं पुरतं का? आणि या वयात वजनं उचलणं जरा अतिच नाही का?

उत्तर: ताई, तिसऱ्या आठवड्यात गुडघ्याने तक्रार करणं अगदी नेहमीचं आहे हो. होतं काय, दम पटकन सुधारतो, दोन-तीन आठवड्यांत जिना सोपा वाटायला लागतो आणि आपण लगेच स्पीड वाढवतो, पण टेंडन म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारे जे पट्टे असतात त्यांना रक्तपुरवठा कमी, त्यांना तयार व्हायला महिने लागतात. म्हणून सुरुवातीला जेवढं जमतंय असं वाटतं त्याहून थोडं कमीच करा, कंटाळा आला तरी चालेल.

दहा हजारचा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायच्या यंत्राच्या जाहिरातीतून आलाय, त्यामुळे त्याचं टेन्शन नको. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, आणि २०२० पासून सलग १० मिनिटं तरी हवीत ही अटही काढून टाकलीय, म्हणजे तुकड्यातुकड्यांत केलेलंही धरलं जातं. मध्यम म्हणजे चालताना बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, एवढा वेग.

पण त्याच सल्ल्यात पुढे आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचा व्यायामही आहे आणि तो भाग सगळे सोयीस्करपणे विसरतात! तिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होत जातात, बायकांची पाळी थांबताना इस्ट्रोजेन उतरतं तशी हाडंही विरळ होतात, आणि नुसत्या चालण्याने हे फारसं थांबत नाही. तर अति वगैरे काही नाही, उलट याच वयात त्याची जास्त गरज असते. जिमच पाहिजे असंही नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात लावून पुशअप, टाचा उचलणं, एवढ्यावर सुरुवात होते. मांडीचे पुढचे स्नायू मजबूत झाले की गुडघ्यालाही आधार मिळतो. फक्त जोर लावताना श्वास रोखू नका, त्याने बीपी एकदम चढतं.

चालताना छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, चक्कर असं काही झालं तर थांबायचं आणि लगेच डॉक्टर, उद्या बघू नाही. बीपीसाठी बीटा ब्लॉकर चालू झाली तर घड्याळातल्या हार्टरेटवर जाऊ नका, त्या गोळ्यांनी तो वाढतच नाही नीट.

प्रश्न: दुसऱ्या दिवशी अंग दुखतं, तरी करायचं का?

उत्तर: स्नायू दोन्ही बाजूंना सारखे ठणकत असतील आणि दोन-तीन दिवसांत कमी होत असतील तर हलकं चालायला हरकत नाही. एकाच सांध्यात टोचतंय, सूज आलीय किंवा दुखणं वाढतच चाललंय तर मात्र तो व्यायाम बंद करा आणि दाखवून घ्या.