‘सी++’ शोधल्यावर एरर न येणे हे अधिक धोक्याचे

एकच शोध-कोड जुन्या सर्व्हरवर ‘सी++’ या शब्दाला एरर देतो आणि नव्या सर्व्हरवर निमूटपणे ‘सीमा’, ‘सीलबंद’ अशा नोंदी आणतो, हे कसे, असे आपण विचारले आहे. दोन्हीकडील पायथनच्या आवृत्त्या पाहाव्यात. आपल्या कोडमध्ये शोधाचा शब्द रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकूर जुळवण्याचा पॅटर्न, म्हणून वाचला जातो आणि त्यात + म्हणजे ‘आधीचे अक्षर एकदा किंवा अधिक वेळा’. ३.११ पूर्वी लागोपाठ दोन + चालत नसत, म्हणून पॅटर्न कंपाइल होतानाच अडत असे, ३.११ पासून ++ ला पझेसिव्ह क्वांटिफायर (एकदा जुळलेले परत न सोडणारी पुनरावृत्ती) असा अर्थ मिळाला, त्यामुळे आपला पॅटर्न वैध ठरतो आणि ‘सी’ दिसेल तिथे जुळतो. जुनी एरर खरे तर उपकारकच होती. ‘३.५’ या शोधात तर तीही मिळत नाही, कारण टिंबाला कोणतेही अक्षर चालते आणि ‘३२५’ही जुळते.

वापरकर्त्याचा मजकूर पॅटर्नमध्ये जोडण्यापूर्वी पायथनच्या री या रेग्युलर एक्स्प्रेशन मॉड्यूलच्या एस्केप फंक्शनमधून काढावा, म्हणजे खास चिन्हांआधी बॅकस्लॅश लागून ती साधी अक्षरे ठरतात. आपण रिप्लेसची जी साखळी लिहिली आहे, तिच्यात बॅकस्लॅशची पाळी टिंबानंतर येते. त्यामुळे . चे आधी \. होते आणि मग \\. होते, म्हणजे ‘एक खरा बॅकस्लॅश आणि पुढे कोणतेही अक्षर’. अशी साखळी मीही एकेकाळी लिहिली आहे. ती काढून टाकावी. जावात हेच काम पॅटर्न वर्गातील कोट करते, तर पीएचपीच्या प्रेग_कोटला डिलिमिटर (पॅटर्नच्या दोन्ही टोकांचे चिन्ह) दुसऱ्या पॅरामीटरमध्ये सांगावा लागतो, जो अनेकजण विसरतात.

पूर्ण शब्दच जुळावा म्हणून आपण दोन्ही टोकांना शब्दसीमेची खूण (\b) लावली आहे; शब्दातील अक्षर आणि इतर चिन्ह जिथे भेटतात तिथेच ती जुळते. ती एस्केप केल्यावरही घात करील. + हे शब्दातील अक्षर मानले जात नाही, त्यामुळे त्याच्यापुढे रिकामी जागा आली की तिथे शब्दसीमाच उरत नाही आणि ‘सी++’ सापडत नाही. त्याऐवजी आधी आणि नंतर रिकामी जागा किंवा ओळीचे टोक आहे का, हे लुकअराउंडने, म्हणजे शेजारचे अक्षर जुळणीत न धरता नुसते पाहणाऱ्या खुणेने, तपासावे.

सापडलेल्या शब्दाच्या जागी घालायच्या बदली मजकुराला मात्र हेच एस्केप लावू नये, कारण तिथले नियम निराळे आहेत आणि पायथनमध्ये जादा बॅकस्लॅश तसेच निकालात उतरतात. बदली मजकूर परत करणारे छोटे फंक्शन दिले की तो जसाच्या तसा बसतो. डेटाबेसच्या एसक्यूएल भाषेत लाइकने शोधतानाही % आणि _ या खास चिन्हांना वेगळे एस्केप करावे लागते. रेग्युलर एक्स्प्रेशनचे फंक्शन त्या दोघांना हातही लावत नाही.