कोल्हापूरजवळच्या माळावर रानमेवा आणि रानभाज्या बियांपासून कशा वाढवायच्या?

तुमचा प्रश्न असा आहे : पन्हाळ्याच्या पायथ्याला वीसएक गुंठे माळ आहे. तिथं जांभूळ, कोकम, फणस, करवंद, आवळा, करटोली हे सगळं बियांपासून लावायचंय, पण ऑनलाइन मागवलेल्या जांभूळ-कोकमच्या पाकिटांतून एकही कोंब आला नाही. यात तुमच्या मातीचा किंवा पाण्याचा काही दोष नाही. ते बी तुमच्या हातात पडलं तेव्हाच मेलेलं होतं.

जांभूळ, कोकम, फणस, करवंद यांची फळं उन्हाळ्याच्या शेवटी, पाऊस तोंडावर आलेला असताना पिकतात. फळ खाली पडलं की बी लगेच रुजतं, त्याला वाट बघायची सवयच नाही. आतला ओलावा गेला की गर्भ मरतो. जांभळाचं बी पंधरवडाभर धरतं, फणसाची आठळी फार तर महिनाभर. कोरड्या पाकिटात घालून टपालानं पाठवण्यासारखं हे बी नव्हेच. चिंच, बोर, आवळा, टाकळा यांचं उलट आहे. त्यांचं बी कवच घट्ट लावून महिनोन्महिने कोरड्यात पडून राहतं. म्हणून कुठलंही झाड लावायचं ठरवलं की त्याचं बी वाळवण सोसतं की नाही, हे मी सगळ्यात आधी बघतो. खत, माती, पिशवी हे सगळं नंतर.

तेव्हा बी विकत घेऊ नका, झाड शोधा. मे-जूनमध्ये लक्ष्मीपुरीच्या रविवारच्या बाजारात, कपिलतीर्थ मंडईत, नाहीतर जोतिबा-पन्हाळ्याच्या रस्त्यावर डोंगरातल्या बायका जांभळं-करवंदं घेऊन बसतात. त्यातलं चाखून बघा. आवडलं तर विचारा, "मावशी, ही कुठल्या झाडाची?" बहुतेक जणी गाव, शिवार सगळं सांगतात. बियांपासून आलेलं झाड आईसारखंच निघेल याची खात्री नसते. फणसात तर कापा (घट्ट गऱ्यांचा) आहे म्हणून लावलेल्या आठळीचा बरका (मऊ, बुळबुळीत गऱ्यांचा) निघू शकतो. तरीही चांगल्या आईचं बी निवडलं तर चांगलं फळ मिळायची शक्यता नक्कीच वाढते. राधानगरी अभयारण्यातून मात्र काही उचलू नका, तिथं वनखात्याची परवानगी लागते. गावशिवारात, बांधावर, देवळामागं भरपूर झाडं आहेत.

जांभळाचा गर खाऊन झाला की बी धुऊन पाण्यात टाका. तरंगेल ते फेकून द्या, बुडेल ते त्याच आठवड्यात लावा. दोन-तीन आठवड्यांत एकाच बीतून कधी दोन, कधी तीन कोंब वर येतात. त्यातला जोमदार एक ठेवून बाकीचे नखानं खुडा. उपटायला जाऊ नका, मुळं एकमेकांत गुंतलेली असतात. पिशवी उंच घ्या, कारण सोटमूळ भराभर खाली जातं आणि बुटक्या पिशवीत तळाला गोल फिरतं. असं रोप पुढं माळावर तग धरत नाही. फणसाला तर पिशवीच नको. खड्ड्यात शेणखत-माती भरून दोन-तीन आठळ्या आडव्या टोचा आणि वर बाभळीच्या काट्या टाका, नाहीतर साळिंदर रात्रीत उकरून खातं.

कोकमाचं बी राखेत चोळून बुळबुळीत गर काढा आणि सावलीत ओल्या वाळूत लावा. ते उगवायला वेळ घेतं, वाफा मोडू नका. खरी अडचण पुढं आहे. कोकमात नर झाड वेगळं, मादी वेगळी. बियांपासून केलेल्या रोपांतली साधारण निम्मी नर निघतात आणि फुलं येईपर्यंत, म्हणजे सहा-सात वर्षं, काही कळत नाही. माझा सल्ला असा की रोपं बियांचीच करा, पण त्यांवर चांगल्या मादी झाडाची काडी बांधून मृदकाष्ठ कलम, म्हणजे कोवळ्या खोडावरचं कलम, करून घ्या. काडी सरळ वर जाणाऱ्या शेंड्याची हवी. आडव्या फांदीची घेतली तर झाड उंच न होता झुडपासारखं पसरतं. तयार कलमं हवी असतील तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं कोकण अमृता आणि कोकण हातीस या जाती दिल्या आहेत. एक-दोन नर झाडं मात्र परागासाठी राहू द्या.

आवळ्याचं काम वेगळं आणि मजेचं. पिकलेल्या फळाचा गर काढून आठळ्या उन्हात ठेवायच्या. वाळल्या की त्या टचकन तडकतात आणि बी उडतं, म्हणून वर पातळ फडकं टाकायचं. एका आठळीत सहा बारीक बिया असतात. रात्रभर भिजवून लावा. चिंचोके एक दिवस भिजवा. बोराची आठळी हलक्या हातानं फोडून लावली तर लवकर उगवते.

करवंद कुंपणाला लावा. ताजं बी पिशवीत उगवून पुढच्या पावसाळ्यात हातभर अंतरानं लावलं की तीन-चार वर्षांत गुरं आत येत नाहीत आणि फळही मिळतं.

करटोलीचं बी लावू नका असं नाही, पण कवच जाड असल्यानं ते रखडत उगवतं, आणि यातही नर-मादी वेगळे. कंद मिळाला तर तोच घ्या, वेल फुलावर असताना नर की मादी ते बघून खूण करून ठेवलेला. आठ-दहा मादी वेलांमागं एक नर पुरतो. हिवाळ्यात वेल वाळला तरी कंद जमिनीत राहू द्या, वळवानं तो पुन्हा फुटतो. टाकळा आणि कुर्डू यांचं बी बांधाला फेकलं तरी पुढच्या वर्षीपासून आपोआप येतं. ऑगस्टमध्ये कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव भरतात, तिथं भाजी ओळखणाऱ्या बायकांशी बोला. रानातला कंद मात्र जाणत्या माणसाला दाखवल्याशिवाय खाऊ नका.

आता जागेबद्दल. आपल्या जिल्ह्यात गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस आणि शिरोळला पाचशेच्या आसपास. त्यामुळं गगनबावड्यातल्या माणसाचा अनुभव शिरोळला चालत नाही. तुमचा माळ मधल्या पट्ट्यात येतो. जांभूळ, आवळा, करवंद, चिंच तिथं निभावतील. कोकम आणि फणस ओढ्याकडेला, सावलीच्या बाजूला लावा आणि पहिले दोन उन्हाळे पाणी द्या.

फेब्रुवारी-मार्चमध्ये डोंगरावरचं वाळलेलं गवत पेटवलं जातं. माळावरची लहान रोपं पाण्यावाचून मरतात त्याहून जास्त वणव्यात जातात, हे मला फार जाचतं. दिवाळी झाली की हद्दीभोवती आठ-दहा फुटांचा पट्टा गवत कापून, खरवडून मोकळा करा आणि शेजारच्या शेतकऱ्यांना आधीच सांगून ठेवा.

माळावर मुरूम किती फुटांवर लागतो आणि ओढा कुठल्या बाजूला आहे तेवढं कळवा, म्हणजे कुठलं झाड कुठं आणि किती अंतरावर लावायचं ते सांगतो.