वाचकांचे प्रश्न : तंगूस आणि ब्रेड (मासेमारीचे दोरे) कापण्यासाठी टिकाऊ हत्यार

प्रश्न : मी भाट्याच्या खाडीत आणि जवळच्या खडपांवर गळाने मासे पकडतो. तंगूस वापरत होतो तोवर साध्या नेलकटरने काम भागत असे. आता रिळावर ब्रेडेड लाइन, म्हणजे ‘ब्रेड’ हा विणलेला दोरा, भरली आहे. ती नेलकटरने नीट तुटत नाही, टोकाला झुपका होतो आणि गरीच्या नेढ्यातून दोरा जात नाही. म्हणून ‘स्टेनलेस’ असा शिक्का असलेली कात्री घेतली, तर एका पावसाळ्यातच तिच्यावर गंजाचे ठिपके आले आणि ती खिळ्यापाशी जाम झाली. आता ॲल्युमिनियमची महाग पक्कड घ्यावी का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : पक्कड घेण्याची घाई करू नये. आपल्या पत्रात दोन वेगळ्या तक्रारी आहेत, एक कापण्याची आणि दुसरी गंजण्याची. त्यांची कारणे निराळी असल्यामुळे उपायही निराळे आहेत.

तंगूस म्हणजे नायलॉनचा एकच भरीव धागा. नेलकटरच्या दोन धारा समोरासमोर येऊन त्याला दाबतात आणि तो तुटतो. ब्रेड मात्र पॉलिएथिलीनच्या एका अतिशय चिवट प्रकारापासून काढलेल्या, केसाहून बारीक अशा असंख्य तंतूंचे चार किंवा आठ पदर विणून केलेला असतो. हे तंतू गुळगुळीत असतात. नेलकटरच्या धारा त्यांच्यावर टेकल्या की ते चपटे होऊन बाजूला पसरतात, आणि दोन धारांमध्ये किंचितशी फट असली तरी काही तंतू तीतून न तुटता निसटतात. आपल्याला दिसणारा झुपका तो हाच. ब्रेडला दाब देऊन उपयोग नाही, त्याला कातर द्यावी लागते, म्हणजे दोन पाती एकमेकांना घासत पुढे सरकली पाहिजेत. शिवाय एका पात्याला बारीक दाते असतील तर दोरा टोकाकडे न घसरता जागीच धरला जातो. म्हणून आपल्यासाठी आखूड पात्यांची, एका बाजूस बारीक दाते असलेली कात्री हेच योग्य हत्यार आहे. काडेपेटीने किंवा लायटरने ब्रेड तोडण्याची सवय अनेकांना असते, ती सोडावी. हा धागा साधारण 150 अंश सेल्सियसच्या आसपासच वितळतो, त्यामुळे ज्योत गाठीजवळ गेली तर गाठीतला दोराही कमजोर होतो आणि ते वरून दिसत नाही. दाताने तोडणे तर तंगुसाच्या बाबतीतही वाईटच, कारण त्यात दातांवरचे कवच झिजते आणि त्याचे टवके उडतात.

आता गंजाविषयी. ‘स्टेनलेस’ हा शिक्का वाचून आपली फसवणूक झाली असे वाटणे स्वाभाविक आहे, पण बहुधा तसे झालेले नाही. पोलादात साधारण साडेदहा टक्क्यांहून अधिक क्रोमियम असले की त्याच्या पृष्ठभागावर एक अतिशय पातळ संरक्षक थर तयार होतो आणि त्याला स्टेनलेस म्हणतात. स्वयंपाकघरातल्या चांगल्या भांड्यांत 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असते. ते पोलाद गंजाला चांगले तोंड देते, पण त्याला ‘पाणी दिले’, म्हणजे तापवून एकदम थंड केले, तरी ते कठीण होत नाही, आणि म्हणून त्याची धार टिकत नाही. पात्यांसाठी कार्बन अधिक असलेले, पाणी दिल्यावर कठीण होणारे पोलाद लागते. मात्र हा कार्बन काही क्रोमियम स्वतःकडे बांधून घेतो, तेवढा संरक्षक थर दुबळा होतो आणि समुद्राच्या पाण्यातील क्लोराइड नेमके तिथे टोचून बारीक खड्डे पाडते. म्हणजे जितकी कठीण धार तितकी गंजाची धास्ती अधिक, असा हा साधारण व्यवहार आहे. दुकानात लोहचुंबक लावून पाते चिकटले की माल खोटा, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. ती परीक्षा फार तर वर सांगितलेल्या निकेलयुक्त पोलादाच्या भांड्यांना लावता येईल, पात्यांना नाही. पाणी दिलेले स्टेनलेसचे पाते चुंबकाला चिकटणारच.

माझे मत असे की दोरा कापण्यासाठी फार कठीण पोलादाच्या मागे लागू नये. 420 क्रमांकाचे पोलाद, ज्यात 12 ते 14 टक्के क्रोमियम असते, या कामाला पुरेसे आहे. सिरॅमिकची कात्री कधीच गंजत नाही हे खरे, पण ती ठिसूळ असते, आणि खडपावर उभे राहून गळ टाकणाऱ्याच्या हातून कात्री एकदा तरी पडतेच.

पोलादाच्या क्रमांकापेक्षाही खिळ्याकडे अधिक लक्ष द्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. दोन पाती रिव्हेटने कायमची जोडलेली असतील तर खारे पाणी त्या फटीत साचते, तिथे हवा नीट पोहोचत नाही आणि गंजाची सुरुवात तिथूनच होते. स्क्रूने जोडलेली कात्री उघडून धुता, पुसता आणि पुन्हा हवी तितकी आवळता येते. खरेदीला जाताना आपल्याकडचा सर्वांत बारीक ब्रेड सोबत न्यावा, तो एकेरीच, ताण न देता धरावा आणि पात्यांच्या टोकाशी कापून पाहावा. मुळाशी कोणतीही कात्री कापते. टोकाशी स्वच्छ कापणारी तीच घ्यावी. तसेच कात्री मिटून तिच्या कडेकडून उजेडाकडे पाहावे. दोन पात्यांच्या मध्यभागी किंचित उजेड दिसून टोकाशी ती एकमेकांना टेकलेली असतील, तर जडण बरोबर आहे, कारण चांगल्या कात्रीच्या पात्यांना हलका बाक मुद्दामच दिलेला असतो. साइड कटरचे, म्हणजे तार कापण्याच्या पकडीचे, मात्र उलट आहे. त्याचे जबडे मिटल्यावर मधून उजेड दिसता कामा नये.

ॲल्युमिनियमच्या पकडीबद्दल विचारले आहे म्हणून सांगतो. तिचे अंग गंजत नाही आणि कापणाऱ्या कडा बहुधा टंगस्टन कार्बाइडच्या, स्क्रूने बदलता येण्याजोग्या असतात, हे तिचे गुण. पण ॲल्युमिनियम आणि पोलादी स्क्रू खाऱ्या पाण्यात एकत्र राहिले की ॲल्युमिनियम झिजू लागते आणि स्क्रूभोवती पांढरी भुकटी जमते. ओल्या म्यानात रात्रभर ठेवलेली महाग पक्कडही अशीच खराब होते. सुरमईच्या दातांसाठी आपण तारेचा लीडर (दोरा आणि गरी यांच्यामधला तुकडा) बांधत असाल तर ती तार दोऱ्याच्या कात्रीने कधीही कापू नये, त्याने पात्याला खाच पडते आणि मग ब्रेड नेमका त्या खाचेत अडकतो. कार्बाइडच्या कडाही कठीण तारेने तुटतात. तारेसाठी साधा पोलादी साइड कटर वेगळा ठेवावा आणि तार त्याच्या जबड्यात मुळाशी धरून कापावी.

घरी आल्यावर कात्री उघडून गोड्या पाण्याने धुवावी, खिळ्याची जागा कोरडी करावी आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडावा. दात्यांची कात्री धारवाल्याच्या सहाणेवर देऊ नये, दाते घासून जातील. सपाट पात्याला धार लावायची असेल तर ती बाहेरच्या उतारावरच लावावी. आतली सपाट बाजू घासली तर पाती एकमेकांना टेकेनाशी होतात.

प्रश्न : आमच्या जाळ्यात कधी कधी कासव अडकते. त्याला इजा न होता जाळे कापण्यासाठी काय जवळ ठेवावे? जाळ्याचे नुकसान भरून मिळते का? (एक मच्छीमार वाचक, मालवण)

उत्तर : टोकदार सुरी वापरू नये. गोल टोकाची कात्री किंवा आतल्या बाजूला धार असलेला आकडीसारखा कटर होडीत हाताशी ठेवावा, म्हणजे कातडी आणि दोरा यांच्यामध्ये बोथट बाजू सरकवून दोरा आपल्याकडे ओढत कापता येतो. कासवाच्या वल्ह्यासारख्या पायावर आवळलेला फास आधी मोकळा करावा आणि दोऱ्याचा एकही वेढा अंगावर राहू देऊ नये, कारण राहिलेला वेढा पुढे मांसात रुततो. ऑलिव्ह रिडले कासवाला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. अशा संरक्षित प्राण्याला सोडवण्यासाठी जाळे कापावे लागल्यास भरपाई देण्याची योजना वन विभागाच्या कांदळवन कक्षाने मत्स्यव्यवसाय विभागासह 2018 च्या अखेरीस सुरू केली. तिच्यात जास्तीत जास्त 25,000 रुपयांची तरतूद आहे. सोडवतानाची आणि जाळ्याच्या नुकसानीची छायाचित्रे काढून ठेवावीत, आणि कापलेल्या जाळ्याचे तुकडे पाण्यात न टाकता होडीतच ठेवून किनाऱ्यावर आणावेत.