विणकरांची गल्ली एवढी लांब काहून?

प्रश्न: मी पवनी तालुक्यातल्या एका खेड्यात शिकवतो. दिवाळीनंतर आठवी-नववीच्या पोट्ट्यांना घेऊन पवनीत पायी फिरायचं ठरवून राहिलो, विषय आहे जुने कारागीर आणि त्यांच्या संघटना. पण परकोट पडलेला, आणि कारागिरांची कचेरी म्हणावी अशी एक इमारत दिसत नाही, मग पोट्ट्यांना दाखवू काय? – एक शिक्षक, जि. भंडारा

उत्तर: सर, इमारत शोधत बसूच नका. आपल्याकडे कारागिरांची संघटना गल्लीत राहायची, कोणाचं घर कोणाच्या घराला लागून आहे त्यात ती दिसते. पवनीला तीन बाजूंनी परकोट आणि चौथ्या बाजूला वैनगंगा, त्यामुळे आतली जागा मोजकीच, तिथे कोण कुठे बसला याला अर्थ आहे. परकोटावर अर्धा तास घालवा, बाकी वेळ विणकरांच्या वस्तीला द्या.

तिथे पोट्ट्यांना आधी गल्लीची लांबी पावलांनी मोजायला लावा आणि विचारा, एवढी सरळ आणि लांब काहून? जुन्या पद्धतीत ताण्याचे, म्हणजे कापडातले उभे, धागे गल्लीतच ताणून धरायचे, त्यावर खळ द्यायची आणि कुंच्याने घासत जायचं, याला पांजणी म्हणतात, आणि हे काम एका घराचं नाहीच, शेजारच्यांनी दोन्ही टोकं धरल्याशिवाय होतच नाही. माझ्या मते संघटना शिकवायला यापेक्षा चांगला धडा नाही, कारण ज्याची रोज गरज पडते त्याच्याशी भांडण झालं तरी ते गल्लीतच मिटवावं लागतं.

मग एका चालू मागाजवळ बसा, सगळे नाही, सात-आठ जण आळीपाळीने. विणकर खड्ड्यात पाय सोडून बसलेला, पायाने पावडी दाबतो, ताणा उघडतो आणि हातातला धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारं लाकडी साधन, सर्रकन पलीकडे जातो. आपली करवतकाठी, म्हणजे करवतीसारख्या दातेरी काठाची साडी, असेल तर तीन धोटे चालतात, दोन काठांचे आणि एक मधल्या अंगाचा, आणि जिथे काठाचा धागा अंगाच्या धाग्यात अडकतो तिथे करवतीचे दात उमटतात. पोट्ट्यांना एकच दात पूर्ण होईपर्यंत बघू द्या, मध्ये बोलू नका. साडीचं कोसा रेशीम कुठून येतं तेही सांगा, ऐन-अर्जुनाच्या झाडावर वाढवलेल्या किड्याचा कोश, आणि ते काम आपल्या भागात ढिवर समाजाने पिढ्यान्‌पिढ्या केलंय, म्हणजे साडीच्या मागे जंगलही आलंच. विणकराचा तासभर मोडला तर त्याची मजुरी आधीच ठरवून द्या, चहा पाजून भागवू नका.

संघटनेचा पुरावा लागेल तर नाशिकच्या लेण्यातला उषवदाताचा, म्हणजे क्षत्रप राजा नहपानाच्या जावयाचा, शिलालेख वर्गात फळ्यावर मांडा. त्याने 3000 काहापण, म्हणजे त्या काळची नाणी, विणकरांच्या श्रेण्यांकडे, म्हणजे संघटनांकडे, कायमचे ठेवले, 2000 एकीकडे दरमहा शेकडा 1 व्याजाने आणि 1000 दुसरीकडे शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दलाला हात लावायचा नाही, 2000 च्या व्याजातून 20 भिक्षूंना चिवरासाठी, म्हणजे अंगावरच्या वस्त्रासाठी, वर्षाला प्रत्येकी 12. गणित करून बघा, महिन्याला 20, वर्षाला 240, बरोबर बसतं! म्हणजे विणकरांवर लोकांचा बँकेसारखा भरवसा होता.

हे झालं प्राचीन काळचं. मध्ययुगात पेठेचा कारभार शेटे-महाजन बघायचे आणि कारागीर जातीचा पुढारी म्हणजे म्हेतर, ही आडनावं आजही आपल्यात आहेतच. पण सर, एक गोष्ट झाकू नका, ही संघटना जातीवर उभी होती, आतल्याला आधार द्यायची आणि बाहेरच्याला आत येऊ द्यायची नाही, आणि पोरगी मागावर कितीही राबली, धोट्यातल्या कांड्यांवर सूत भरभरून तिचे हात दुखले तरी पंचात तिला जागा नव्हती. नववीचे पोट्टे हे समजून घेतात.

शेवटी नदीच्या घाटावर बसून एक काम द्या. देशावरच्या जुन्या महजरांत, म्हणजे गावसभेच्या निवाड्याच्या कागदांत, लोक सहीऐवजी धंद्याची निशाणी काढायचे, कुणब्याचा नांगर, शेट्याची तागडी, न्हाव्याचा आरसा. प्रत्येकाने आपल्या घरच्या कामाची निशाणी काढायची. बापाचं मोबाईल रिपेरिंगचं दुकान असेल तर तेही चालेल. सकाळी सातला निघा, दहाच्या आत संपवा.

प्रश्न: आमच्या विणकर आजोबांचा धोटा आणि मागाची फणी माळ्यावर पडून आहे. घासून, पॉलिश करून शोकेसमध्ये ठेवू का? – एक वाचक, उमरेड

उत्तर: नको ना बाप्पा! कोरड्या सुती कापडाने धूळ पुसा, बस. धोट्याच्या एका बाजूला लाकूड गुळगुळीत आणि काळसर झालं असेल, तिथे आजोबांचा अंगठा टेकत होता, पॉलिशने तेवढंच जाईल. फणीचे दात मोजून वहीत लिहा, कापड किती बारीक विणायचे ते त्यावरून कळतं, आणि घरात कोणी म्हातारं माणूस असेल तर त्यांच्या हातात धोटा देऊन ते काय बोलतात ते मोबाईलवर रेकॉर्ड करा, याच आठवड्यात करा.